तफावत

फोनवर नसरीन एवढंच म्हणाली, "मावशी, अब्बा गेले..." मी परातीत पीठ मळत होते. हात तसेच पिठात, फोन सुनेनं माझ्या कानाला धरलेला. मला चारचौघांत बोलणं कधी जमलं नाही. रशीद साहेबांचा चाळिसावा दिवस झाला, तेव्हापासून वाटतंय, त्यांच्याबद्दल जेवढं आठवतं तेवढं लिहून ठेवावं.

चिकलठाण्याच्या कारखान्यात मी कँटीनला होते आणि साहेब हिशेब खात्याचे प्रमुख. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचे. मी फुलंब्रीहून एसटीनं यायचे, त्यामुळे मला कंट्रोलर म्हणजे स्टँडवर खिडकीत बसून गाड्या सोडणारा माणूस ठाऊक. तसं मी बोलून गेले, तर बरोबरची कांताबाई म्हणाली, "हे बी सोडतेतच की. माणसं घरी सोडतेत!" सगळ्याजणी हसल्या, पण भीती सगळ्यांनाच होती. दर महिन्याला साहेब प्रत्येक खात्याचा खर्च मागच्या महिन्यांच्या शेजारी मांडायचे आणि जिथं फरक दिसेल तिथं बोट ठेवायचे. त्या फरकाला ते तफावत म्हणायचे. त्यांचे वडील निजामाच्या काळात कचेरीत कारकून होते. पोलिस ॲक्शननंतर निजाम गेला, कचेरीतली उर्दू गेली आणि त्या माणसानं केस पिकल्यावर मराठी लिहायला शिकून घेतलं. तफावत हा शब्द मात्र मराठीतही तोच निघाला, म्हणून तो त्यांना फार जवळचा वाटायचा. साहेबांना तो वडिलांकडूनच आला होता.

आम्हाला मात्र तो शब्द वेगळ्याच जागी ठाऊक होता. आमच्या गावच्या रेशन दुकानात एकदा तपासणी झाली, तफावत निघाली आणि दुकानाला सील लागलं. त्यामुळे एका दुपारी हिशेब खात्याच्या कारकुनानं कँटीनच्या फळ्यावर कागद लावून मोठ्यानं वाचलं, "आटा आणि तेल, तफावत," तेव्हा माझा हात किल्लीकडं गेला. कोठीची किल्ली माझ्या कमरेला होती. वाढायला उभ्या बाया माझ्याकडं बघत होत्या, की मला तसं वाटलं... मी किल्ली कांताबाईच्या हातात दिली आणि घरी निघून आले. दुसऱ्या दिवशी गेले नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. घर त्या पगारावर चालत होतं, पण चोर म्हणवून घेऊन तिथं उभं राहणं मला जमणार नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी साहेब स्कूटर घेऊन फुलंब्रीला आले. आमचे मालक आत येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "हिशेबाचा साहेब आलाय. मागं पोलिस हायेत का बघून येतो." शेजारून खुर्ची आणून साहेबांना ओट्यावर बसवलं. मी उंबऱ्याच्या आत शेंगा फोडत होते. साहेबांनी समोरून विचारायला सुरुवात केली. आटा रोज किती निघतो, तेलाचा डबा किती दिवस पुरतो... ते जेवढं विचारत, तेवढी माझी मान खाली. शेवटी मला रडूच फुटलं. मग साहेब खुर्ची सोडून खाली उंबऱ्यापाशी येऊन बसले, सुपातल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि फोडायला लागले. दाणे सुपात, टरफलं मांडीवर. मालक म्हणाले, "अवो साहेब, पँट खराब व्हईल." साहेब म्हणाले, "होऊ द्या, घरी मार मीच खाईन."

शेंगा फोडता फोडता त्यांनी हलकेच विचारलं, "बाई, आट्याचं राहू द्या. ह्या महिन्यात तुमच्या कामात वेगळं काय झालं?"

मी म्हणाले, "ताटं लई पडत व्हती घासायला."

"ती का?"

"नव्या शेडवरचे मजूर बी जेवतेत ना आता."

"त्यांच्याकडं कुपन?"

"त्यांना कुठली कुपनं! जेवू घाला, म्हणून वरून निरोप आला व्हता."

साहेबांचा हात थांबला. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत ते हसले. "आटा बरोबर आहे बाई. खाणारेच आम्ही कमी धरले!" त्यांनी मला समजावून सांगितलं. ते आट्याला कुपनांनी भागत होते. मजुरांना कुपनं नव्हती, म्हणून कागदावर एकेक ताट महाग दिसत होतं. मी विचारलं, "मग तफावत कुणी केली?" तसे ते एकदम गंभीर झाले. "मैं चोरी बोलाच नई, बाई. तफावत म्हणजे इथं थांबायचं आणि विचारायचं. आम्ही न विचारताच कागद लावला. चूक माझी आहे."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांसमोर तो कागद स्वतः काढला, कारण सांगितलं, आणि कांताबाईकडून किल्ली घेऊन माझ्या हातात दिली. कांताबाई म्हणाली, "बरं झालं बाई. ही किल्ली कमरेला होती तर मला चार रात्री झोप नाय."

तेव्हापासून फळ्यावर कागद लागण्याआधी साहेब स्वतः खाली यायचे. गॅस जास्त लागला की विचारायचे, भाव वाढला की वापर वाढला? दोन्ही वेगळं काढल्याशिवाय बोलायचं नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. सून विजेचं बिल बघून चिडते तेव्हा मी अजून तेच विचारते. पुढं ते निवृत्त झाले, मीही काम सोडलं, पण ईदला शीरखुर्म्याचा डबा येत राहिला आणि संक्रांतीला माझे तीळगूळ जात राहिले.

चाळिसाव्याला त्यांच्या घरी गेले, तर बैठक माणसांनी भरलेली. मी अवघडून आतल्या खोलीत गेले. ती साहेबांची खोली. टेबल होतं, आणि त्याच्या एकाच बाजूला दोन खुर्च्या, अगदी लागून. मी एकीवर टेकले. नसरीन पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "अब्बांचं हे काही कळलंच नाही आम्हाला. टेबलासमोर खुर्ची ठेवूच द्यायचे नाहीत. ऑफिसातही असंच होतं म्हणे. म्हणायचे, समोर बसवलं की माणूस जबाब देतो. मग शेजारी बसवलं की काय करतो, विचारलं तर नुसते हसायचे."

मला उंबऱ्यापाशी ठेवलेलं ते शेंगांचं सूप आठवलं. बाहेर कुणीतरी तिला हाक मारली, पण ती गेली नाही. दुसऱ्या खुर्चीवर बसली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मावशी, अब्बा कारखान्यात कसे होते हो?"

आणि मी सांगायला लागले...