पंपातलं गुलाबपाणी

आमच्या घरात पंप आधी आला आणि माझं स्थळ मागून. दोन्ही एकाच दुकानातून.

पंप म्हणजे पाठीवर बांधून कपाशीवर औषध फवारायचा पितळी पंप. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मामांनी तो सौंसरच्या कृषी केंद्रातून आणला. माझे वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून आई आणि मी पांढुर्ण्याला मामांकडे राहत होतो. मामा म्हणजे माझे वडीलच, फक्त चार वडिलांइतकं बोलणारे. पंप आल्यावर तर त्यांना दुसरा विषयच उरला नाही. दुकानदाराने त्यांना काय सांगितलं, हे ते दारावरून जाणाऱ्यालाही थांबवून ऐकवत.

"मालक म्हने, भाऊ, याच्यात जहर टाका, जहर निघते. अमृत टाका, अमृत निघते. गुलाबपानी टाकलं तं गुलाबपानी!"

पुढे त्याच दुकानदाराच्या मुलासाठी मला मागणी आली. सासऱ्यांचा चेहरा पाहण्याआधी त्यांचं हे वाक्य मला तोंडपाठ होतं. विकणाऱ्याला बोलायची हौस आणि घेणाऱ्याला ऐकायची, असे दोन व्याही, आमच्या बोलीत इवाई, जमल्यावर काय होणार, हे खरं तर कोणाच्याही लक्षात यायला हवं होतं.

लग्न भर वैशाखात. आमच्याकडचा वैशाख म्हणजे दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. वऱ्हाड सौंसरहून मोटारीने येणार, धुळीने माखलेलं, तापलेलं. मंडपाच्या दाराशी गुलाबदाणीने गुलाबपाणी शिंपडून त्याचं स्वागत करायची रीत आहे. मामांना ती रीत कंजूस वाटली.

"येवढ्या उन्हात मानसाच्या अंगावर टिपूसभर पानी? मी असं स्वागत करतो की सौंसरवाले जिंदगीभर याद ठेवतीन."

हे मात्र तंतोतंत खरं झालं.

मामांनी पंप धुवायला काढला. निष्काळजीपणा केला असं कोणी म्हणू नये. चिंचेने घासला, राखेने घासला, सोड्याच्या पाण्याने विसळला. टाकी अशी लखलखली की मामीने तिच्यात आपलं कुंकू नीट केलं. एवढं सगळं झालं, फक्त एक राहिलं. टाकीपासून फवारायच्या दांडीपर्यंत जी रबरी नळी जाते, तिच्या आत काय आहे हे कोणी पाहिलं नाही. नळी बाहेरून पुसली. मागच्या हंगामातलं कपाशीचं औषध त्या नळीत मुक्कामाला होतं.

वऱ्हाड आलं. मामा जरीचा फेटा बांधून, पाठीवर पंप घेऊन दारात उभे. वाजंत्री सुरू झाली आणि मामांनी पंपाचा दांडा दाबला. पहिल्या फवाऱ्याला वऱ्हाडाने "वा! वा!" केलं. लोकांनी तोंडं वर केली, बायकांनी पदर पुढे धरले. दुसऱ्या फवाऱ्याला गुलाबाच्या वासामागून कपाशीच्या शेतातला वास आला. तो वास आमच्या भागात लहान पोरालाही कळतो. मग कोणाचे डोळे चुरचुरले, कोणाच्या मानेला खाज सुटली, आणि नवऱ्यामुलाच्या आत्याबाई मंडपाच्या खांबाला धरून ओकायला लागल्या.

डॉक्टर आले. नळीतला अंश थोडा होता, पाणी भरपूर होतं, म्हणून निभावलं. त्यांनी एकच औषध सांगितलं, सगळ्यांनी साबण लावून आंघोळ करा. तेव्हा अख्खं वऱ्हाड मामांच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीवर गेलं. भिजलेले कपडे परत घालायचे नव्हते. म्हणून आमच्याकडची होती नव्हती ती धोतरं आणि लुगडी बाहेर निघाली. आत्याबाई माझ्या रुखवतातलं पातळ नेसून आल्या, आणि नवरदेव मामांच्या जुन्या धोतरात. मी आतल्या खोलीच्या फटीतून त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते असं. मला हसू आलं. ते हसू फार वेळ टिकलं नाही, कारण मंडपात बैठक बसली होती.

चूक कोणाची, हा विषय होता. मुहूर्त जवळ येत होता आणि हा निकाल लागल्याशिवाय लग्न लागणार नव्हतं.

वऱ्हाडातले एक गुरुजी म्हणाले, "कंपनीवर केस टाका. पंपावर कुठी लिवलं आहे का मानसावर फवारू नका म्हनून?"

कंपनीचं नाव निघताच माझे सासरे सावध झाले. एजन्सी त्यांची होती. "कंपनीचा काय दोष?" ते म्हणाले. "विळा देल्ला तं त्यानं गवत कापाव का बोट, हे लोहारानं पाहाव काय?"

"मंग दुकानदारानं तं सांगाव," गुरुजी म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दुकानदार समोरच बसला आहे, आणि आपण त्याच्याच मोटारीने परत जाणार आहोत.

कंपनी सुटली, दुकान सुटलं. पंप बिचारा निर्जीव. उरले मामा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे संन्याशाच्या पाठीवर पंप होता. सासरे म्हणाले, "पोरगी आमाले पसंत आहे. पन ज्या मानसानं आमच्या वऱ्हाडावर जहर फवारलं, त्याच्या हातून आमी कन्यादान घेत नाही. दुसरा कोनी बसवा."

मी दाराआड उभी होते. मामा आता ते वाक्य म्हणणार, अशी माझी खात्री होती. जहर टाका जहर निघते, गुलाबपानी टाकलं तं गुलाबपानी. सगळ्या पांढुर्ण्याला ऐकवलेलं वाक्य, ते ज्याचं त्याच्या तोंडावर टाकायची एवढी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती. मामांनी तोंड उघडलंही. मग त्यांनी माझ्या दाराकडे पाहिलं.

"माहीच चूक आहे," मामा म्हणाले. फेटा काढून त्यांनी सासऱ्यांना हात जोडले.

मला त्या क्षणी लग्नच नको झालं होतं. सासऱ्यांचा राग आला आणि मामांचा त्याहून जास्त. मला वाढवताना ज्यांनी कधी कोणाची अरेरावी ऐकून घेतली नाही, ते माझ्यापायी खाली मान घालून उभे होते. कन्यादान एका लांबच्या काकांनी केलं. तोवर त्यांना माझं शिक्षण किती झालं हेही ठाऊक नव्हतं. मंगलाष्टकं चालू असताना मामा विहिरीवर बसून नळी धूत होते.

मी सौंसरला आले. घर दुकानाच्या मागेच, मध्ये एक पडदा. पहिल्याच हंगामात पडद्याआडून सासऱ्यांचा आवाज आला, "अमृत टाका, अमृत निघते. गुलाबपानी टाकलं तं..." मी भाजी चिरत होते, विळीवर हात तसाच थांबला. एवढं रामायण झाल्यावरही माणसाने एक अक्षर बदललं नव्हतं! खरं सांगायचं तर त्यांच्या मनात पाप नव्हतं. ते त्यांचं दुकान उघडतानाचं नेहमीचं बोलणं होतं. त्यावर कोणी खरोखर विश्वास ठेवत असेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

तरी सावधगिरी म्हणून त्यांनी पाटी मात्र लावली: "पंपाचा गैरवापर केल्यास दुकानदार जबाबदार नाही." त्या पाटीने वेगळाच घोळ केला. लोधीखेड्याचा एक शेतकरी म्हणाला, "गैरवापर म्हंजे कसा, भाऊ?" सासऱ्यांना सांगावं लागलं, जसं की लग्नात गुलाबपाणी फवारणं. "असंबी होते काय!" म्हणत त्याने आनंदाने पंप घेतला. त्याच्या घरी पुतणीचं लग्न होतं.

मामा वर्षातून एकदा संत्र्यांची टोपली घेऊन येत. यायचं, बसायचं, माझी विचारपूस करायची आणि घोटभर पाणीही न घेता पांढुर्ण्याची मोटार पकडायची. आमच्याकडे जुनी माणसं ही रीत पाळत, ज्याने कन्यादान केलं त्याने लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. गंमत बघा, कन्यादान केलेले काका जवळच्या मोहगावच्या बाजाराला आले की आमच्याकडे पोटभर जेवून, वर विडा खाऊन जात. आणि ज्यांना करू दिलं नाही, ते मामा उन्हातून तहानलेले यायचे आणि तसेच परत जायचे. सासरे हे बघत.

असेच एकदा मामा दुकानात बसलेले असताना एक गिऱ्हाईक पंप उलटासुलटा करून पाहत होतं. सासऱ्यांचं वाक्य सवयीने सुरू झालं, "याच्यात जहर टाका, जहर निघते. अमृत टाका..." आणि मामांकडे नजर जाताच ते अडकले.

"अमृत टाकलं तं?" गिऱ्हाईक म्हणालं.

मामा संत्री नीट लावत बसले होते. मी पडद्यापाशी पाण्याचा गडवा घेऊन उभी होते. मामांसाठी मी तो दर वेळी आणायची आणि दर वेळी परत न्यायची.

"तरी जहरच निघते," सासरे म्हणाले. "पयले नळी धुवा. टाकी नाही, नळी, आतून. मी हे लोकायले सांगत नव्हतो. माहीच चूक आहे."

गिऱ्हाइकाला यातलं काही कळलं नाही. ते नळीची किंमत विचारायला लागलं. सासरे उठले, माझ्या हातातला गडवा घेतला आणि स्वतः मामांपुढे धरला. "घ्या इवाईबुवा. येवढ्या उन्हातून आले."

मामांनी गडव्याकडे पाहिलं. घसा कोरडा पडला होता, ते मला दिसत होतं.

"नाही जमत, इवाईबुवा," मामा म्हणाले. "मी कन्यादान केलं आहे ना हिचं."

ते कन्यादान कोणी केलं आणि कोणी करू दिलं नाही, हे त्या दुकानात तिघांना पक्कं ठाऊक होतं.

"बरोबर आहे," सासरे म्हणाले, आणि गडव्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.