आभारप्रदर्शन संपेपर्यंत

माझ्या बाबांनी एक खून पेन्सिलीने लिहून घेतला होता. खून व्हायच्या वीस मिनिटं आधी.

बाबा आज पहाटे गेले. रडून झालंय माझं. आता उरलाय तो राग, आणि तो मी इथे लिहिणार आहे. ज्यांना झेपणार नाही त्यांनी पुढे वाचू नका.

बाबा पोलिसांत मराठी लघुलेखक होते. पुढाऱ्याच्या सभेत स्टेजखाली टेबल टाकून बसायचं आणि त्याचा शब्द न् शब्द शॉर्टहँडमध्ये उतरवायचा. लपूनछपून काही नाही. कार्यकर्ते त्यांना चहासुद्धा आणून द्यायचे.

लिहिताना मान वर करायची नाही आणि सभा संपेपर्यंत उठायचं नाही, हा त्यांचा धर्म.

ऐंशीच्या दशकातलं घाटकोपर. आम्ही चाळीत राहायचो, मी नववीत. कोपऱ्यावर रशीदभाईंचं गादीचं दुकान. अख्ख्या चाळीच्या गाद्या तेच पिंजून द्यायचे. त्या आठवड्यात आमचीही गादी त्यांच्याकडे होती.

"बेबी, आईला सांग, उद्या पक्का देतो." चार दिवस हेच. एक नंबरचे थापाडे!

शहरात आठवडाभर मारामाऱ्या चालू होत्या. आमच्याकडे अजून काही झालं नव्हतं. मग मैदानात आमच्या नगरसेवकाची सभा लागली, आणि ड्युटी आली बाबांची.

नगरसेवक माइकवर म्हणाला, "कोपऱ्यावरचा गादीवाला अजून दुकान उघडून बसलाय. एवढा कापूस, आणि तुमच्यातल्या एकाकडे काडी नाही?"

मग खाली बाबांकडे बोट दाखवून, "लिहिणारे बसलेत बघा. घ्या हो लिहून! मी कुणाच्या बापाला घाबरत नाही."

टाळ्या. बाबांनी टाळ्यासुद्धा लिहिल्या, कंसात.

मागची पोरं उठून निघाली. खुर्च्या आपटल्याचं, चपला पळाल्याचं बाबांना ऐकू येत होतं. पण स्टेजवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. लाऊडस्पीकरवाल्यांचे आभार. मंडपवाल्यांचे आभार. पिण्याच्या पाण्याची सोय करणाऱ्यांचे आभार.

बाबा लिहीत राहिले.

दुकान मैदानापासून पाच मिनिटांवर होतं.

पुढचं मी आमच्या गॅलरीतून पाहिलं. आजवर कुणाला सांगितलं नाही.

आधी शटरवर दगड आले. रशीदभाई हात जोडून बाहेर आले. "अरे विजू, मी आहे रे! तुझ्या लग्नाची गादी मी केलीय!"

विजूने सळी घातली ती सरळ डोक्यात. ते पडले. त्यांना उभं करून परत मारलं. कापूस पिंजायची त्यांचीच धनुकली तोंडावर मोडली. रक्ताने माखलेल्या माणसाला पाय धरून आत ओढलं, कापसाला काडी लावली आणि शटर खाली पाडलं.

आतून रशीदभाई बराच वेळ ओरडत होते. गॅलरीत आम्ही तीस जण उभे होतो. एक जण खाली उतरला नाही. मीही नाही.

मग बाबा धावत आले आणि आगीत शिरायला गेले. डाव्या हाताने शटर वर ओढायला बघत होते. हाताची कातडी शटरला चिकटली. उजव्या हातात वही होती, ती त्यांनी खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी रशीदभाईंची बायको, जुबेदाचाची, आमच्या दारात आली. "भाईसाब, आप तो वहीं थे ना?"

"हो."

"फिर?"

"लिहीत होतो," बाबा म्हणाले.

रिपोर्ट दिला तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "भाषण प्रक्षोभक होतं, एवढं पुरे. ते काडीचं वाक्य काढून टाका."

बाबा म्हणाले, "काढायचं तर तुमच्या सहीने काढा, साहेब."

वाक्य राहिलं. आई घरी कडाडली, "तुमका काय पडलीहा? पोरांका बघा आधी!"

"मी उठलो नाही गं," एवढंच बाबा बोलले.

विजूला जन्मठेप झाली. होऊ दे, त्याच लायकीचा होता तो. पण नगरसेवकाचं काय? काडी लावणाऱ्यावर केस करायला कुणाची परवानगी लागत नाही. लाव म्हणून चिथावणाऱ्यावर खटला चालवायचा तर सरकारची लागते, म्हणे! फाइल वर गेली ती वरच राहिली. तो आमदार झाला. बाबा दर वर्षी जाऊन विचारायचे, मग रिटायर झाले, तरी जायचे.

कपाटात एक पांढरा शर्ट कायम इस्त्री करून टांगलेला असायचा. साक्षीचा शर्ट. जुना झाला की नवा यायचा. माझ्या भावाने इंटरव्ह्यूसाठी मागितला तर बाबा खेकसले, "हात लावू नको! बोलावणं कधीही येईल."

मग आमदार मेला. चौकाला त्याचं नाव दिलं. 'गोरगरिबांचा कैवारी', असे बॅनर. त्या दिवशी बाबांनी शर्ट काढला, परत इस्त्री केला आणि परत टांगला.

मी म्हटलं, "बाबा, मेला ना तो आता."

"तो मेला म्हणून वाक्य खोटं झालं का?"

आज आंघोळ घालून झाल्यावर आम्ही त्यांना तोच शर्ट घातला. एकदाही न वापरलेला.

जुबेदाचाची कुर्ल्याहून आली होती. नातवाचा हात धरून. आता तिला नीट दिसत नाही. तिने चाचपडत बाबांचा डावा हात शोधला, तो जळालेला, आणि त्यावर हात ठेवून म्हणाली,

"भाईसाब, अब की बार बुलावा आए तो उठ के जाना. लिखते मत बैठना."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यासमोर रडले.

बाबा, जा आता. साक्ष द्या. मान वर करून, मोठ्याने बोला.