माझा एकुलता एक शड्डू

आमच्या घरी एक म्हैस होती आणि ती माझ्या धाकट्या भावाची होती.

म्हणजे विकत आणली होती आबांनी. शेण काढत होतो मी, वैरण घालत होतो मी, पंचगंगेवर धुवायला नेत होतो मी आणि तिच्या शेपटीचे फटके तोंडावर खात होतो तोही मीच. पण दूध? दूध शिवाचे! कारण शिवा तालमीत जात होता. ते दिवस कोल्हापुरात महाराजांच्या राज्याचे. महाराजांना कुस्तीचा नाद, म्हणून साऱ्या गावाला कुस्तीचा नाद. पेठेपेठेला तालीम, आणि ज्या घरात एकही पैलवान नाही त्या घराकडे लोक सुतक असल्यासारखे बघत. आमच्याकडे तसे बघायची सोय नव्हती. आमच्याकडे शिवा होता.

शिवा पहाटे तालमीत जाई, जोर-बैठका मारी, हौद्यातली माती खणी, आणि घामाने निथळत घरी येऊन थेट काशीखाली बसे. (काशी म्हणजे म्हैस. आमच्या घरात तिचे नाव माझ्या नावापेक्षा जास्त वेळा घेतले जाई.) चरवी भरली की तोंडाला लावून ते फेसाळ, धारोष्ण दूध तो गटागटा पिई. मी समोर बसून भाकरी-कोरड्यास चावत त्याच्या गळ्याची वर-खाली होणारी घाटी बघत असे.

"आई, मला काला करायला जरा दूध दे की."

"तुला कशाला रं दूध? तू काय कुस्ती धरतूस व्हय?"

"मी अभ्यास करतो!"

"अभ्यासाला ताक पुरतंय."

हे कुठल्या वैद्याने हिला सांगितले होते देव जाणे! आणि ताक तरी कुठले? दूधच उरत नव्हते तर ताक काय आकाशातून पडणार होते?

एकवेळ दूध गेले तर गेले. पण उपदेश! "दत्तू, शिवाकडं बघ," हे वाक्य आबा दिवसातून इतक्या वेळा म्हणत की मला शिवाकडे बघून बघून मानेत उसण भरायची. मी वर्गात पहिला आलो, धावत घरी गेलो, तर आबा म्हणाले, "बरं झालं. आज शिवा पाय न लावता दोर चढला, ठावं हाय का?" मी पोथी वाचून दाखवली तरी आबांचे लक्ष शिवाच्या दंडाकडे. शेजारच्या तान्याबाई तर आपल्या रडक्या नातवाला शिवाच्या पायावर घालत. "ह्येच्यागत कष्टाळू हो रं बाबा," म्हणत, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून पुढे म्हणत, "न्हायतर त्येच्यागत हुशील!"

आणि सगळ्यात संताप येई तो शिवाचाच. कारण तो चांगला होता! फुशारकी नाही, उलट उत्तर नाही, दसऱ्याला सोने देऊन माझ्या पाया पडायचा. असल्या भावाचा राग तरी कसा करायचा? मी नेटाने करत होतो. कष्ट आणि जिद्द काय ती एकट्या शिवातच होती होय!

अशात एके दिवशी तालमीचे दस्तगीर वस्ताद आमच्या सोप्यात येऊन बसले. शिवाला मातीत पहिल्यांदा उतरवले ते त्यांनीच, त्यामुळे आमच्या घरात देवाखालोखाल त्यांचाच मान.

"आबा, हातकणंगल्याजवळ उरूस हाय. मोठं मैदान भरणार. दरबारातलं सरदार येणार हायत. जो पोरगा त्यांच्या मनात भरंल, त्येचा खुराक दरबारातनं चालू. दूध, तूप, बदाम, समदं!"

आबा हरखले. आईने पदराने डोळे टिपले. आणि मी? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिवाचा खुराक दरबारातून, म्हणजे काशी मोकळी! म्हणजे चरवी माझी!

त्या क्षणापासून शिवाचा माझ्याइतका भक्त कोल्हापुरात दुसरा नव्हता. मी त्याचे पाय चेपले, त्याला तेल चोळले, अंबाबाईला त्याच्यासाठी नवस बोललो. "बघा, थोरला त्यो थोरलाच," आई शेजारणींना सांगू लागली. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मनातल्या मनात भाकरी कुस्करत होतो.

उरुसाच्या दिवशी आबा, वस्ताद, शिवा आणि मी आगगाडीने हातकणंगल्याला उतरलो आणि तिथून चालत गाव गाठले. कुस्तीनंतर शिवाला द्यायला आईने गुळाचा मोठा खडा बांधून दिला होता. तो कुणी सांभाळायचा?

"दत्तूजवळ द्या," वस्ताद म्हणाले. "त्येच्या हातनं तेवढं तरी हू दे."

मी अपमान गिळला आणि गूळ धोतराच्या कनवटीला खोचला. इथेच सगळे फसले. एक तर ऊन रणरणते. त्यात गूळ नव्या हंगामाचा, मऊ. आणि मी मोक्याची जागा मिळावी म्हणून अगदी आखाड्याच्या कडेला, धोतर मांडीपर्यंत वर खोचून बसलेलो. थोड्याच वेळात गूळ विरघळून मांडीवर ओघळू लागला. मी म्हटले घाम असेल!

आखाड्यात तेव्हा चिकोडीकडचा भीमाप्पा नावाचा पैलवान हात वर करून फेऱ्या मारत होता. त्याला जोड मिळत नव्हती. मिळेल कशी? तो आखाड्याच्या या टोकाला आला की माझ्यावर सावली पडायची. हलगीवाला बडवून बडवून थकला. शेवटी मैदानाच्या पंचाने हलगी थांबवली आणि आरोळी ठोकली.

"हाय का कोण मर्द? असला तर ठोका शड्डू!"

शड्डू म्हणजे मांडीवर मारलेली थाप. मैदानात ज्याने मांडीवर थाप मारली, त्याने आव्हान घेतले. आमच्या मुलखात माणूस सोयरीक मोडेल, भावकीचा शब्द फिरवेल, पण एकदा ठोकलेला शड्डू परत घेणार नाही. सारे मैदान चिडीचूप झाले. जो तो आपापले हात मांडीपासून लांब धरून बसला.

आणि नेमका त्याच वेळी मला मुंगळा चावला!

चावला म्हणजे काय चावला! गुळाच्या वासाने आलेला तो काळा डोंगळा थेट मांडीच्या मऊ भागात घुसला. मी काही विचार केला नाही. (केला असता तर आज ही गोष्ट सांगत नसतो.) हात उचलला आणि सगळी ताकद लावून मांडीवर थाप हाणली. त्या थापेत मुंगळ्याचा राग होता, उन्हाचा होता, आणि कितीतरी वर्षांच्या ताकाचाही होता.

फाट्!

मैदान उसळले. पागोटी हवेत उडाली, हलगी पुन्हा कडाडली. "ठोकला! ह्या पावण्यानं ठोकला!"

"अहो, मुंगळा! मुंगळा चावला मला!" मी ओरडलो.

"पावणं," पंच शांतपणे म्हणाला, "मुंगळा चावू दे न्हायतर नाग चावू दे. शड्डू ठोकलासा न्हवं? उठा."

"मुंगळा दाखवतो की! अजून इथेच आहे!"

पण तो इथे नव्हता. तो आणखी वर, चारचौघांत दाखवता येणार नाही अशा मुक्कामी निघून गेला होता. मी केविलवाणे होऊन आबांकडे बघितले. म्हटले, जन्मदाता बाप आहे, सोडवील. तर आबांच्या डोळ्यांत पाणी!

"दत्त्या! माझंच रगात हाय रं तू!"

संताप बघा! मी वर्गात पहिला आलो तेव्हा हा माणूस पान लावत होता, आणि आता मी मरायला निघालो तर ह्याला उमाळे फुटत होते!

तेवढ्यात शिवा गर्दीतून वाट काढत आला. "दादा, तू बस. तुझ्या बदली मी धरतो कुस्ती."

पंचाने मान डोलावली. "घरचा माणूस चालतोय."

मी बसणारच होतो. बूड निम्मे टेकलेही होते. पण दस्तगीर वस्तादांनी शिवाचा दंड धरला. "खुळा हाईस का शिवा? भीमाप्पासंगं झोंबलास तर पुढं तुझ्या ठरलेल्या कुस्तीला दम कुठला ऱ्हाईल? सरदार बघाय लागल्यात. खुराक जाईल हातचा!"

खुराक जाईल? माझ्या डोळ्यांपुढे काशी उभी राहिली. तिच्याखाली ठेवलेली चरवी, वर आलेला फेस, आणि तो गटागटा पिणारा शिवा, जन्मभर! मी ताडकन उठलो.

"न्हाय!" मी गर्जलो. "मीच लढणार! माझ्या भावाच्या अंगाला आज हात लागता कामा नये!"

सारे मैदान गहिवरले. एक म्हातारा तर हुंदके देऊ लागला. शिवाने माझे पाय धरले. खुर्चीवर रेललेले सरदार ताठ बसले. एवढ्या हजारो माणसांत एकाच्याही मनात दुधाचा विचार आला नाही!

लंगोट तर कुणी कुणाला देत नाही. वस्तादांनी माझ्याच धोतराचा असा करकचून काष्टा मारला की माझे डोळे पांढरे झाले. मुंगळा आत कोंडला गेला. गूळही आतच राहिला.

"बा, तम्मा, बा," भीमाप्पा म्हणाला. ये धाकट्या, ये, असे तो कानडीत मायेने बोलवत होता. खाटीकही बोकडाला मायेनेच बोलवतो. त्याने हात पुढे केला मात्र, मी धाडकन पालथा पडलो. कुस्तीत पाठ मातीला लागली तर माणूस हरतो, पोट लागले तर हरत नाही, एवढे शिवाच्या बडबडीतून मला कळले होते. मी दोन्ही हातांनी माती धरली आणि डोळे मिटले.

भीमाप्पाने मला उलथायला कमरेला मिठी घातली. मिठी आवळली तसा मुंगळा दबला, आणि दबला तसा कडाडून चावला. मी असा उसळलो की भीमाप्पाची मिठी सुटून तो बाजूला जाऊन पडला!

"हाण तिच्यायला! पकड सोडवली!" लोक किंचाळले.

भीमाप्पा पुन्हा आला, पुन्हा आवळले, मुंगळा पुन्हा चावला, मी पुन्हा उसळलो. मी "आई गं!" म्हणून बोंबलत होतो आणि लोक म्हणत होते, "बघा, आईचं नाव घिऊन लढतोय!" आता यावर काय बोलणार? घटकाभर हेच चालले. शेवटी भीमाप्पा धापा टाकत मातीत बसला आणि पंचाला म्हणाला, "सोडवा बाबा. ह्येच्या अंगात काय हाय कळंना. मासळीगत उडतंय नुसतं!"

कुस्ती बरोबरीत सुटली. मला खांद्यावर घेऊन मिरवले. तिकडे शिवाने ढाकेच्या एकाच डावात आपला गडी आस्मान दाखवून चीत केला. कुणी नीट बघितलेही नाही, पण मी बघितले. मी खांद्यावर नाचलो. जिंकला! दूध माझे!

सरदारांनी आम्हा दोघांना पुढे बोलावले. शिवाची पाठ थोपटली, दंड चाचपले आणि आबांना म्हणाले, "धाकटा तयार हाय. ह्येला घरचं दूध मानवलंय, तेच चालू ठेवा. मोडू नका." मग माझ्याकडे वळले. "पर ह्यो थोरला! तालीम न्हाय, खुराक न्हाय, नुसत्या जिद्दीवर भीमाप्पाला दमवला! ह्येला जर का खाऊपिऊ घातलं तर काय करंल? दरबाराचा खुराक ह्येला. उद्यापासनं तालमीत मुक्काम!"

आणि माझ्या डोक्याला मानाचा फेटा बांधला.

म्हणजे दूध मला मिळाले, हे खोटे नाही. चरव्याच्या चरव्या मिळाले. पण दस्तगीर वस्ताद म्हणत, "खुराक पचवाय मेहनत लागती बाबा," आणि पहाटेपासून मला असे घुसळत की दूध समोर यायचे तेव्हा चरवी उचलायला हात वर होत नसत. शेवटी ते दूधही माझ्या देखत बाकीची पोरे पीत. घरी आबा शिवाला सांगू लागले, "जरा थोरल्याकडं बघ." तान्याबाईंनी नातू उचलून माझ्या पायावर घातला, आणि "न्हायतर त्येच्यागत हुशील" म्हणताना बिचाऱ्या शिवाकडे बोट दाखवले! शिवा नुसता हसला. कालपर्यंत ज्याच्या घामाला साऱ्या पेठेने हात जोडले, त्याला एका दिवसात विसरले. दुसऱ्या कुणासाठी मला एवढा राग त्यापूर्वी कधी आला नव्हता.

मी सगळ्यांना खरे सांगितले. आजही सांगतो. कुणी ऐकत नाही, म्हणतात केवढा विनय! पण त्या संध्याकाळी काष्टा सोडला तेव्हा मी डोळ्यांनी बघितले. मुंगळा अजून त्याच मुक्कामी होता. भीमाप्पाखाली चिरडून त्याचे अंग गेले होते, तरी दात रुतलेलेच होते. सबंध मैदानात शेवटपर्यंत पकड न सोडणारा पैलवान तो एकटा, आणि त्याला सोडून ह्या आंधळ्यांनी फेटा बांधला मला!