आपण हे एकत्र का करतो?

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी अंबडच्या आमच्या शेडमध्ये लॅपटॉप लावून बसलो होतो.

मी, रुबिना आणि समीरदादा, आम्ही तिघं मिळून चित्रं करतो. तेव्हा एका मोठ्या ताडपत्रीवर कंपनी सुटतानाचा रस्ता रंगवत होतो. दादा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून गाड्या-टेम्पो त्याचे. चेहरे रुबिनाचे, बाकी सगळं माझं.

आदल्या दिवशी रुबिनाचा मेसेज आला होता. "उद्या कॉल झाला की बोलायचंय." बस, एवढंच. बरेच दिवस ती गप्प गप्प होती, त्यामुळे काय बोलायचं असेल ते कळत होतं. प्रदर्शन तोंडावर आलेलं... आणि ती गेली तर रस्ता उरेल, माणसं नाहीत.

कॉल होता कॅरिबियनमधल्या कलाकारांच्या एका ग्रुपशी, ओळखीतून जुळलेला. त्रिनिदादहून मार्वा आणि बार्बाडोसहून केल्विन. स्क्रीनवर आणखी एक चौकोन होता, पण काळा. म्हटलं, नेट नसेल.

वाटलं होतं, ते त्यांचं काम दाखवतील, आम्ही आमचं, आणि बाय बाय. पण मार्वा सुरुवातीलाच म्हणाली, "आज काम नको दाखवायला. आम्ही एका प्रश्नावर अडकलोय. आपण हे एकत्र का करतो?"

केल्विन सांगत होता... बेटं लांब लांब, विमानाची तिकिटं परवडत नाहीत, वर्षानुवर्षं भेट नाही. "एकट्यानं केलं असतं तर कधीच संपलं असतं. पण मग मला येतं तेवढंच केलं असतं." मी दादासाठी मराठीत सांगत होते आणि मनात म्हणत होते, विषय बदला... प्लीज बदला.

तेवढ्यात रुबिना पुढे सरकली. "तुमच्यातलं कुणी सोडून गेलंय?"

मार्वा हसली. "गेली ना. ही काय, इथंच आहे."

काळ्या चौकोनातून आवाज आला. ती जोलीन. "मी सोडलं. त्यांच्यात माझं काम विरघळून जात होतं. आता माझं माझं करते. पण कॉलला येते... माझ्या कामावर इतकं मनापासून भांडणारं दुसरं कुणी नाही मला."

कॉल संपला. मग रुबिना म्हणाली, "मानसी, मलाही सोडायचंय. चेहरे माझे आहेत, पण दादा जरा सुधारतो, तू वर रंग चढवतेस... माझा हात मलाच सापडत नाही यार. चुकत कुणाचंच नाहीये. एकटीनं करून बघायचंय."

दादानं एवढंच विचारलं, "हे पुरं करशील ना?"

"करते की."

ज्याची भीती होती ते झालंच. तिनं सगळे चेहरे पुरे केले, प्रदर्शन झालं, आणि ती गेली.

परवा आम्ही दोघांनी नवी ताडपत्री पसरली. दादानं आणि मी कसंबसं आकाश रंगवलं, आणि नुसते बघत बसलो. पुन्हा ब्रश हातात घ्यायचा धीर होईना... हे दोघांचं काम आहे की उरलेल्यांचं, तेच कळेना.

दुपारी रुबिना आली. चहा घेतला, बराच वेळ ताडपत्रीकडे बघितलं. "आकाश फार सोपं करून टाकलंत." दादा भडकला. मग मीही भडकले. चहा दोनदा झाला, तरी भांडण चालूच. ब्रशला तिनं हातही लावला नाही.

ती गेल्यावर आम्ही आकाश पुसलं.

भीती अजून आहेच. माणसं कशी काढायची, दोघांनाही माहीत नाही. पण रुबिना, तू आलीस... येत राहा.