गार हातांचा माणूस

बर्फाच्या कारखान्यात उभं आयुष्य काढलेल्या त्या माणसाला सगळे गारठ्या म्हणत. लोखंडी आकड्याने लाद्या ओढायच्या, करवतीने कापायच्या, भुशात लोटायच्या. संध्याकाळी घरी आला की चोरपावलांनी बायकोच्या मागे जाऊन तिच्या मानेला हात लावायचा. ती ओरडायची, "मेला तो बर्फ!" लग्नापासूनचा खेळ. त्याचे हात गार, म्हणजे तो धडधाकट, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

आकडा निसटून पोटरीत घुसला, तेव्हा त्याने नुसतं फडकं बांधलं. "बर्फात मासळी नासत नाही, मी काय नासणार?"

पोटरी सुजली, तापली. मग एका दुपारी तो हुडहुडत घरी आला आणि मानेला हात न लावताच आडवा झाला. तिनेच त्याचा हात धरून पाहिला. गारेगार.

"ताप नाहीये. पडून राहा."

नणंद आली होती. ती म्हणाली, "वहिनी, दादाला धाप लागलीय गं. आणि मला आई म्हणाला आत्ता. सकाळपासून लघवीही झाली नाही म्हणत होता."

"नाटकी आहे तुझा दादा. सुट्टी हवी असेल."

टोमण्याला टोमणा परत करणारा माणूस. आज गप्प राहिला. तिथेच तिला कळायला हवं होतं.

संध्याकाळी तो उठवूनही उठेना, तेव्हा इस्पितळ. डॉक्टरीणबाईंनी त्याचं नख दाबलं. पांढरं पडलं ते पांढरंच राहिलं.

"हात गारच असतात हो त्यांचे," ती म्हणाली.

"आज कामामुळे नाहीत. जखमेतून जंतुसंसर्ग झाला आणि त्याच्याशी लढता लढता शरीर स्वतःवरच उलटलं. याला सेप्सिस म्हणतात. रक्तदाब कोसळला की शरीर हातापायांचं रक्त कमी करून काळजाला, मेंदूला पुरवतं. मूत्रपिंडं बंद पडायला लागतात. ताप असतोच असं नाही. धाप, बरळणं, लघवी थांबणं, ही त्याचीच लक्षणं."

"दुपारी आणलं असतं तर?"

बाईंनी सलाईनकडे पाहिलं. "बरं झालं असतं."

तो वाचला. बोटांची काळी पडलेली टोकं कापावी लागली, आठवण विरत गेली. आता घरीच असतो.

परवा ती ओट्यापाशी उभी असताना मागून मानेला हात लागला. थोटका, कोमट. तिने मुद्दाम दचकून आरोळी ठोकली, "मेला तो बर्फ!"

"कुठला बर्फ गं?" त्याने विचारलं.