बायका असल्या की न लावायचा तुकडा

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे प्रोजेक्ट म्हणजे काय, हे घरी समजावून सांगण्यातच माझे दोन दिवस गेले. शहरातून संपत चाललेलं एखादं काम शोधायचं, ते करणाऱ्या माणसाशी बोलायचं आणि लिहून आणलेलं वर्गात वाचायचं, एवढंच होतं ते. कुणी राजवाड्यामागचे कल्हईवाले घेतले. मी सरांना म्हटलं, सिनेमाचा ऑपरेटर. त्यांनी विचारलं, कोणत्या टॉकीजचा? मी नाव सांगितलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी शीळ घातली.

ती टॉकीज पाडून तिथे दुकानं झाली, तरी सकाळच्या खेळाला तिथे तसले जुने सिनेमे लागायचे हे लोक विसरलेले नाहीत. सर मात्र खूश झाले. "इस पर किसी ने लिखा ही नहीं. हँसी-मज़ाक, खून का राज़, और वो सब, एक ही फिल्म में. ज़रूर करो."

तो ऑपरेटर म्हणजे माझे वडील, हे मी सांगितलं नाही. सांगायचं की नाही, हे मला वाचायच्या दिवसापर्यंत ठरवायचं होतं.

बाबा टॉकीजमध्ये होते हे आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिथे काय दाखवत होते, ते घरात कधी कुणी बोललेलं नाही. टॉकीज बंद झाल्यापासून ते सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात काम करतात. रविवारी दुपारी मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. आई बाजूला गवार मोडत होती. मला पहिला प्रश्नच विचारता येईना. शेवटी बाबाच म्हणाले, "सकाळच्या खेळाचं विचारायचं है ना? विचार. तुझ्या अभ्यासाचं आहे."

मग ते खाली बघतच बोलत राहिले. सगळे सिनेमे साधारण एकाच चालीचे, म्हणाले. डोंगरावरचं एखादं हॉटेल, तिथे एक शेठ मरतो. एक जाडा स्वयंपाकी ज्याच्या त्याच्या पलंगाखाली लपतो आणि लोक हसतात. मध्येच कुणीतरी आंघोळ करते. मग पुन्हा खून. सेन्सॉरने कापलेला भाग वेगळ्या छोट्या डब्यातून यायचा. त्याला ते लोक तुकडा म्हणत. केबिनमध्ये दोन मशीनं होती. एकावर सिनेमा चालू असताना दुसऱ्यावर तुकडा चढवून ठेवायचा आणि वेळ आली की तिकडून सोडायचा.

"पण हॉलमध्ये एकही बाई दिसली, तर मॅनेजर खालून दोनदा घंटी द्यायचे. मतलब, तुकडा लावायचा नाही. कुणी चुकून यायच्या, बाहेरगावच्या. पोस्टरवर पिस्तूल बघून तिकीट काढायच्या बिचाऱ्या."

"आणि बायका नसल्या तर लावायचा?" मी विचारलं.

"नोकरी होती, बेटा."

मी ते लिहून घेतलं. आईचे हात थांबले होते.

"मी एकदा आले होते," ती म्हणाली. "लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. तुम्ही जेवणाचा डबा विसरलात म्हणून. गेटवरच्या माणसाने मला ओळखलं आणि आत बसवलं, भाभीजी, पंखा है, बैठो म्हणून. तोच हॉटेलवाला सिनेमा. मला तर आवडला होता. पण खून कोणी केला ते शेवटपर्यंत कळलंच नाही. मला वाटलं, माझंच डोकं चाललं नाही."

बाबांनी पहिल्यांदा वर बघितलं. "डॉक्टरने केला."

"कसं काय?"

"आंघोळीच्या वेळी मागे आरसा असतो. त्यात तो शेठच्या औषधाची बाटली बदलताना दिसतो. ते तुकड्यात होतं."

"म्हणजे मला अर्धवट दाखवलात!" आई हसली. बाबा हसले नाहीत. मला तेव्हा वाटलं, गोष्ट इथेच संपली. म्हणून मी सहज विचारलं, त्या दिवशी मॅनेजरना आई दिसली कशी?

"त्यांना नाही दिसली. घंटी झालीच नव्हती." बाबा बोटाने चटईची काडी सोलू लागले. "मी केबिनच्या भोकातून बघितलं तर ही एकटी बसलेली. आजूबाजूला सगळे पुरुष. डबा मांडीवर. मी तुकडा सोडला नाही. लोकांनी शिव्या दिल्या, खुर्च्या आपटल्या. मॅनेजर वर धावत आले, एक बाई बसलीय म्हटलं तरी लाव म्हणाले. मी मशीनसमोर उभा राहिलो."

"मग?"

"मग काय, दहा दिवस घरी बस म्हणाले."

आई एकदम म्हणाली, "मशीन बिघडलं म्हणून सांगितलं होतंत मला!"

"नवी होतीस तू. काय सांगू?"

गवार अर्धीच मोडलेली होती. मग मी विचारलं, "बाबा, हे तुमचंच आहे असं लिहू का?"

"काका लिही. ऑपरेटर काका. तुला तिथे अजून दोन वर्षं काढायची आहेत, पोरं काय काय बोलतील." मग आईकडे न बघता म्हणाले, "आणि हिचं राहू दे. कुणी एक बाई आली होती, एवढं पुष्कळ झालं."

मी तसंच लिहिलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच नंतर लाज वाटली.

वर्गात मी वाचू लागले. जाड्या स्वयंपाक्यावर सगळे हसले, तिथवर ठीक होतं. तुकड्याचं आलं तेव्हा मागून आवाज आला, "भिया, काका से पूछ के बता, डिब्बा अभी किधर है?" हशा पिकला. मीही थोडी हसले. का हसले, माहीत नाही. सगळे हसत होते म्हणून असेल. मग घंटी न होताही ऑपरेटरने एका बाईसाठी तुकडा अडवल्याचं वाचलं आणि वही मिटली. सर म्हणाले, "एक चीज़ समझ नहीं आई. रोज़ तो घंटी पे चलते थे. उस दिन ऐसी कौन थी वो औरत?"

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. वहीत तसंच होतं. पण तसं म्हटलं असतं तर बाबा नुसतेच कुणीतरी विचित्र काका होऊन राहिले असते, आणि आई कुणी एक बाई.

"मेरी माँ थी," मी म्हटलं. माझा आवाज फार बारीक आला. "ऑपरेटर मेरे पापा हैं."

कुणी हसलं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. सरांनी मान हलवली आणि पुढचा नंबर पुकारला.

घरी येताना मला बाबांचीच भीती वाटत होती. काका लिही, हे त्यांनी सांगितलं होतं आणि मी ते मोडलं होतं. ते दुकानातून आले, मोरीत हातपाय धुतले. मी टॉवेल पुढे केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी टॉवेल तोंडावर धरला तो बराच वेळ काढला नाही.

"नाव सांगितलंस माझं?" त्यांनी टॉवेलमागूनच विचारलं.

"नाही. कुणी विचारलं नाही."

"विचारलं तर सांग," ते म्हणाले, आणि आत जेवायला गेले.