वाघोबाचा ऐन

परवा जव्हारच्या रस्त्यावर काही लोक वाऱ्याने उपटून पडलेलं झाड कापत होते. खोड तुटताच मुळांसकट बुंधा धपकन परत खड्ड्यात उभा राहिला. ओल्या मातीचा वास आला आणि आमच्या पोशेरा गावचा ऐनाचा वृक्ष आठवला.

तोही असाच पडला होता. घरात कोरडं सरपण नव्हतं. आई कुऱ्हाड घेऊन गेली. वारा चुकवायला लहानगी मी मुळांखालच्या खड्ड्यात बसले.

"वयनी, वाघोबाचा ऐन हाय," काकू म्हणाली. "चुलीत घातला तं वाघ दारात यील."

"मंग तुझा वाघोबा भात शिजवंल का?"

आईने पहिला घाव घातला. लाकूड आतून करकरलं. तिने काकूकडे पाहिलं आणि कुऱ्हाड खाली ठेवली.

संध्याकाळी आम्ही नागलीचं कच्चं पीठ पाण्यात कालवून खाल्लं. मी काकूवर फार चिडले होते.

वाघोबावर माझा आजही विश्वास नाही. पण तसा खड्डा किती पटकन बुजतो, ते परवा पाहिलं.